आत दोन बोटं माया

आमच्या गल्लीतल्या पैलवानकाकांच्या शिवणकामाच्या दुकानात आरसा नाही. कधीच नव्हता. नवा कपडा घालून बघायचा तर खाली बसून बघायचा, असा तिथला कायदा आहे. खाली म्हणजे चक्क उकिडवं. तुम्ही पडद्यामागून नवी विजार घालून बाहेर आलात की काका मशीनवरचा पाय काढतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि म्हणतात, "हं. बस खाली."

मग बसायचं. दुकान रस्त्याला लागून, समोर दूधवाला, पलीकडे पानाची टपरी, येणारे-जाणारे बघताहेत, आणि तुम्ही नव्या विजारीत उकिडवे. काका वाकून बघतात, मांडीशी ओढतंय का, आसन पुरतंय का. मग हुकूम सुटतो. "आता ऊठ. आता ढांग टाक. आणि मोठी टाक की, चिखलातनं चाललीयास का?" एवढं झालं की कपडा पास.

एकदा कुणाच्या तरी लग्नाला पुण्याहून आलेल्या एक बाई दुकानात शिरल्या. त्यांनी सैल विजार घातली आणि आरसा मागितला.

"आरसा मंगल कार्यालयात असंल, पावणं," काका म्हणाले. "हितं खाली बसायचं."

"अहो, मी अशी खाली बसत नाही."

"मग तुमान कशाला पायजे? साडी नेसून हुबं ऱ्हावा की. आरशात माणूस हुबंच दिसतंय. जल्म काय हुब्यानं जातोय व्हय?"

बाई रागारागाने बसल्या. बसल्या त्या उठेनात. शेवटी काकांच्या बायकोने, शांताकाकूंनी, हात देऊन त्यांना उठवलं आणि दोघी इतक्या हसल्या की काकांनाच मान खाली घालून मशीन चालवावं लागलं. त्या बाई अजून दर वर्षी पुण्याहून कापड पाठवतात.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण या शांताकाकूच आहेत. त्यांची तब्येत हल्ली बरी नाही, आणि त्यावरून काकांचं नि माझं जे वाजलं, ते सांगायचं आहे. पण काका कोण हे कळल्याशिवाय ते कळणार नाही.

पैलवानकाका मंगळवार पेठेतले. नाव मारुती, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक. तरुणपणी तालमीत घुमले, बऱ्याच कुस्त्या मारल्या, काही हरले, आणि एकदा गुडघा असा गेला की वस्तादच म्हणाले, आता बास. त्या दिवसांतली जाडजूड मान आणि मोडलेले कान तेवढे उरले. शिंप्याच्या कानावर पेन्सिल असावी लागते. काकांच्या कानावर ती राहत नाही, घसरून पडते. म्हणून ते ती टोपीत खोचतात आणि दिवसभर "पेन्शिल कुणी नेली?" म्हणून दुकान डोक्यावर घेतात. असा हा दांडगा गडी, आणि त्याच्या पंजात असते वीतभर चड्डी. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू आवरत नाही.

दुकानावर पाटी आहे. 'फक्त बायका व मुलांच्या सैल विजारी. पुरुषांनी विचारू नये.' तरीही एखादा विचारतोच. त्याला काकांचं उत्तर ठरलेलं आहे. "बाप्याच्या पँटीत माया ठिवून उपेग न्हाय. त्येचं प्वॉट तेवढं वाढतंय."

माया म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं, कारण तयार कपडे घेणाऱ्यांना हा शब्द माहीतच नसतो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग वाढलं की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर सोडायची. कपडा पुन्हा अंगासारखा होतो. इतर शिंपी जेमतेम नखभर माया सोडतात. काका दोन बोटं सोडतात, तीही स्वतःची बोटं, म्हणजे आपला निम्मा पंजा. कुणी कुरकुर केली की म्हणतात, "असूदे. वाढतं अंग हाय."

हे 'वाढतं अंग' काकांच्या तोंडी इतकं बसलं आहे की ते बघत नाहीत समोर कोण आहे. बारशाच्या बाळाला म्हणतात ते ठीक. पण आमच्या शेजारच्या गोदामावशी, पार सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यापर्यंतची सुती विजार शिवायला आल्या तेव्हाही काकांनी दोन बोटं माया सोडली.

"आरं मारुती, मी आता कुठं वाढणार?"

"मावशी, माणसाचं काय सांगावं?"

आमचं सगळं लहानपण या दोन बोटांत गेलं. दिवाळीला वडील एकच तागा आणायचे आणि काका त्यातून घरातल्या सगळ्या पोरांना कपडे बेतायचे. माझ्या धाकट्या भावाचा आधी बाबासूट झाला, मग गॅलिसची चड्डी. ती चड्डी पहिल्या दिवाळीला त्याच्या नडगीपर्यंत यायची आणि फटाके उडवताना दोन्ही हातांनी धरावी लागायची. दुसऱ्या दिवाळीला ती गुडघ्यावर आली. तिसऱ्या वेळी आई ती घेऊन दुकानात गेली, काकांनी माया सोडली, आणि बिचारा भाऊ पुन्हा नव्याने बुडाला. त्याच्या मुंजीतला सोवळ्यातला फोटो सोडला तर बाकी सगळ्या फोटोंत तीच चड्डी आहे.

मला होती बुलुमर. शाळेचा निळा स्कर्ट आणि खेळाच्या तासाला त्याखाली ढगळ निळी बुलुमर, मांडीशी इलॅस्टिक घातलेली. काकांनी शिवलेली बुलुमर असल्यामुळे तिच्यात माझ्यासारख्या अजून एकीची सोय होती. धावताना ती वाऱ्याने फुगायची. पण तिचा खरा उपयोग वेगळाच होता. शाळेच्या मागे आवळ्याचं झाड होतं. स्कर्टला खिसा नव्हता. मांडीचं इलॅस्टिक ओढून आवळे आत टाकले की कुणाच्या बापाला पत्ता लागत नसे. आम्ही सगळ्या मैत्रिणी मधल्या सुट्टीनंतर किंचित फाकून चालायचो, एवढंच.

एकदा मैदानावर सगळी शाळा रांगेत उभी. बाई म्हणाल्या, "सावधान!" मी टाच टाचेला जुळवली आणि माझ्या उजव्या मांडीचं इलॅस्टिक तुटलं. आवळे टपटप पडले आणि घरंगळत थेट बाईंच्या चपलेपाशी गेले. बाईंनी एक उचलला, बुलुमरकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कोणी शिवली?" संध्याकाळी त्या तावातावाने दुकानात गेल्या. मी घरात लपून बसले होते. नंतर कळलं की काकांनी त्यांनाच खाली बसवलं, आणि बाई स्वतःच्या मुलीसाठी दोन बुलुमर सांगून आल्या. मला मात्र काकांनी बोलावून घेतलं.

"अंजे, आवळं ठेवायचं तर सांगायचं की. नाडी घातली असती. नाडी माणसाचं ऐकती. इलॅस्टिक माणसाला ऐकिवतंय."

काका एरवी पोरांवर कधी चिडत नाहीत. फक्त एका गोष्टीवर चिडतात. पोर उलटी चड्डी घालून गल्लीत आलं, शिवणी बाहेर आणि माया लोंबतेय असं दिसलं, की ते मशीन सोडून रस्त्यावर येतात. "ए! माझी अब्रू चव्हाट्यावर आणतोयास व्हय रं? आतली गोष्ट आत ऱ्हावी." आणि तिथल्या तिथे, टपरीवरच्या माणसांदेखत, ते चड्डी सुलटी करून घालतात. माझ्या भावाची किती वेळा केली, त्याला आठवत असेल.

काकांचा इतिहासही आहे. म्हणजे त्यांनी स्वतःच केलेला. मागे एक कॉलेजची मुलगी प्लाझो शिवायला आली आणि सहज म्हणाली, "काका, ही नवीन फॅशन आहे." झालं. काकांनी कात्री खाली ठेवली.

"नवीन? आगं, आमची आज्जी नऊवारीचा काष्टा मारून भात लावायची. काष्टा म्हंजे काय? बिनशिवणीची तुमानच की. दोन पाय दोन बाजूला मोकळं. त्याच्याबी आदी चोळणं हुतं, गुडघ्यापतोर ढगळ, पोराबाळांस्नी आन् कष्टाच्या माणसाला. मग शानपत आली. गोल साडी आली. पाय बांधलं बायकांचं. तिकडं सायबाच्या देशात म्हणं बायकांनी घागरं टाकून ढगळ तुमानी घातल्या तवा लोकं दात काढाय लागली. तीच ही बुलुमर. ती आपल्या शाळंत आली, पोरी पळाय लागल्या. मग तीबी गेली. मग ते लेगिन का काय आलं. कातडं वडल्यागत! वारं जायाला फट न्हाय. आन् आता हे तुझं प्लाजू. म्हंजे काष्टाच माघारी आला. फिरून फिरून भोपळे चौकात."

"पण काका, पैलवान तर घट्ट लांग घालतात ना?" मुलगी हुशार होती.

"घालत्यात. का? दुसऱ्याच्या हातात कापड घावू नये म्हणून. तुला काय कुस्ती खेळायचीया? खेळणार असलीस तर सांग, घट्ट शिवतो. न्हाईतर बस खाली."

या सगळ्या इतिहासाला एक साक्षीदार लागायचा, आणि तो म्हणजे शांताकाकू. मशीनशेजारी लाकडी खुर्ची, मांडीवर नाड्यांची जुडी, हातात ओवणी, आणि तोंडात सदा खडीसाखर. काकू चांगल्या भरलेल्या अंगाच्या. काकांनी नवीन बेत काढला की ते पहिली विजार काकूंना शिवायचे आणि त्यांना भर दुकानात बसवून बघायचे. "शांता बसली म्हंजे आख्खी पेठ बसंल," असं त्यांचं माप होतं. काकू बसायच्या, उठायच्या, आणि म्हणायच्या, "डाव्या अंगाला वडतंय." मग काका निमूट उसवायचे. पेठेत काकांना वाकवणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

माया दोन बोटंच का, हे मला काकूंनीच सांगितलं. काका समोर बसले असताना.

"लगीन हून नवी नवी आलते मी. आजऱ्याकडं आमी पोरी भावाच्या चड्ड्या घालून काजूच्या झाडावर चढायचो. हितं आले तर डोक्यावर पदर आन् पायात साडी. मला सायकलची लई हौस. ह्येंनी म्हटलं, शिकिवतो. पर साडी चेनीत जाणार. मग ह्येंनी कुणाचं तरी मशीन मागून आणलं आन् तुमान शिवली. तवा ह्येंला ठावं काय, तर पैलवानाचा जांग्या. तशीच शिवली, अंगाबरोबर. पहाटं मैदानावर नेलं. मी टांग टाकली..."

इथे काकूंना हसू फुटलं आणि पुढचं बोलता येईना. काकांनी मशीनवरून मान वर न करता वाक्य पुरं केलं.

"टर्रर्र."

"आख्ख्या मैदानानं ऐकलं गं!"

"मैदानात हुतं कोण? एक म्हस आन् तिचा मालक."

"म्हशीनंबी बघितलं माझ्याकडं वळून," काकू म्हणाल्या. "ह्येंचा पटका गुंडाळून घरला आले. आठवडाभर बोलले न्हाय. तवर ह्येंनी दुसरी शिवली. चांगली ढगळ, आत दोन बोटं माया सोडून. ती घालून मी पार रंकाळ्यापतोर सायकल मारली. आन् सासूबाईंनी बघितलं, तर म्हणत्यात काय, 'आगं, मग काष्टाच घालायचा हुतास की. एवढं शिवाय कशाला पायजे?'"

त्या गोष्टीला किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण काकूंनी सांगितली की दर वेळी 'टर्रर्र' काकाच म्हणणार. तो त्यांचा हक्क होता.

गेल्या दिवाळीनंतर काकूंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, झालं ते चांगलं झालं, आता खाणं वाढवा, अंग भरू द्या. पण काकूंची अन्नावरची वासनाच गेली. त्यांची मुलगी बेळगावला दिलेली. ती येऊन महिनाभर राहिली आणि तिच्या घरची अडचण निघाली म्हणून गेली. मी लग्न करूनही दोनच गल्ल्या पलीकडे गेलेली बाई, माझं माहेरपण चपला न घालता होतं. लायब्ररीतलं काम संपलं की संध्याकाळी काकूंकडे जाऊन बसायचं, असा माझा क्रम झाला.

काकूंना साडीचं ओझं पेलवेना. काकांनी त्यांना मऊ सुती कापडाच्या ढगळ तुमानी शिवल्या. घरी आल्या तेव्हा त्या अंगाला बरोबर बसल्या. थोड्याच दिवसांत कमरेवरून उतरायला लागल्या. काकांनी आत घेतल्या. पुन्हा उतरल्या, पुन्हा आत घेतल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिवणी उसवून कपडे मोठे करणारा माणूस पहिल्यांदाच एक कपडा लहान करत होता, आणि ते त्याला कबूल नव्हतं. नवी तुमान शिवतो म्हणाले असते तर एका दिवसाचं काम. पण नाही. त्याच तुमानी, त्याच शिवणी, आतून आत.

मी गेले की काका दुकानातूनच ओरडायचे, "आज बरं हाय बघ तिचं! तोंडावर मास आलंया." राधानगरीकडच्या कुणा जुन्या पैलवान मित्राकडून म्हशीचं दूध यायचं. आजऱ्याहून घनसाळ तांदूळ यायचा, काकूंच्या माहेरच्या वाफ्यातला, त्याचा मऊ भात काका स्वतः शिजवायचे. भात शिजला की सगळ्या गल्लीला वास यायचा. काकू दोन घास घ्यायच्या आणि वाटी सरकवायच्या.

गेल्या आठवड्यात मी काकूंचे कपडे बदलत होते. तुमान काढताना त्या कळवळल्या. बघते तर कमरेच्या दोन्ही बाजूंना कातडी लाल झालेली, एका जागी सोललेली. मी तुमान उलटी केली. आत शिवणीशेजारी शिवण, तिच्याशेजारी अजून एक शिवण, आणि सगळं जास्तीचं कापड तसंच आत. एक धागाही कापलेला नव्हता. हाताला ती नुसती वळकटी लागत होती. माझ्या काकूंच्या त्या हाडांवर दिवसरात्र ती रुतत होती.

"काकू, सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. कापा म्हटलं. तोंड फिरीवत्यात," काकू हळू म्हणाल्या. "तू सांग त्येंला. तुझं ऐकतील. पर वरडू नगंस हां."

मी ओरडणार नव्हतेच, पण ती तुमान घेऊन दुकानात गेले तेव्हा रागात होते हे खरं. हट्टालाही काही सीमा असते.

"काका, काकूंना टोचतंय."

"काय टोचतंय?"

"शिवण. आत केवढी जाड झालीय बघा. कमरेची कातडी गेलीय त्यांची. ते जास्तीचं सगळं कापून टाका."

मशीन थांबलं.

"कापायचं?"

"हो. आजच."

"अंजे, कापल्यालं कापड परत येतंय व्हय?" ते नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "आं? उद्या अंग भरलं तिचं, आन् सोडायला आत काय न्हाय, मग? मग काय करू मी? दुपारी निम्मी वाटी भात खाल्लाय तिनं!"

ती उरलेली वाटी त्या दुपारी शेजारच्या मांजराने खाल्ली होती. काकूंनीच शेजारच्या पोरीकडून घालायला लावली होती. मला ठाऊक होतं.

"काका," मी म्हणाले, "टोचतंय हो त्यांना."

काकांनी माझ्या हातातून तुमान घेतली. उलटी करून मांडीवर पसरली. त्यांचा तो जाड अंगठा सगळ्या शिवणींवरून सावकाश फिरला. मग त्यांनी मोठी कात्री उचलली आणि मायेच्या टोकाला लावली. मी वाट बघत उभी. कात्रीची पाती कापडावर नुसती टेकली होती. तिच्यातून इतकी वर्षं ताग्यांवर तागे गेले असतील, पण ती काही मिटेना.

"तू जा घरला," ते म्हणाले. हा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. इतका हळू बोलता येतं त्यांना, हेच मला माहीत नव्हतं.

मी घरी आले. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच भडकले. काय म्हणावं या माणसाला, असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की ती कात्री मिटली असती तर मला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी पिशवी घेऊन भाजीला निघाले आणि काकांच्या दुकानापुढे थबकले. काकूंची लाकडी खुर्ची दारात, उन्हात ठेवलेली. काकू तिच्यावर बसलेल्या. कितीतरी दिवसांनी त्या रस्त्यावर दिसत होत्या, त्यामुळे दूधवाला, टपरीवाला, गोदामावशी सगळेच घुटमळत होते. काकूंनी मऊ भाताची वाटी दोन घास घेऊन बाजूच्या स्टुलावर सरकवली होती. आणि अंगावर तीच तुमान होती. उलटी.

सगळ्या शिवणी बाहेर. एकापुढे एक, वर्षाच्या सुरुवातीपासून आत घेतलेल्या सगळ्या. आणि त्या शिवणींच्या बाहेर दोन्ही अंगांना कमरेपासून घोट्यापर्यंत जास्तीचं कापड मोकळं सुटलेलं, वाऱ्याने हलत असलेलं. काकांनी त्याचे काठ दुमडून बारीक टीप मारली होती, सूत निघू नये म्हणून. आतला खिसा उसवून बाहेर लावला होता, काकूंचा हात खडीसाखरेपर्यंत जावा म्हणून. कापडाची मऊ बाजू आता काकूंच्या अंगाला होती.

गल्लीतलं एक पोरगं सायकलवरून जाताना ओरडलं, "ओ पैलवान! काकूंची तुमान उलटी हाय!"

मी काकांकडे बघितलं. याच माणसाने माझ्या भावाला भर रस्त्यात चड्डी सुलटी करून घातली होती. काकांनी मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"असूदे," ते म्हणाले. "तिला आतनं मऊ लागतंय."

मी उगीच पिशवीत काहीतरी शोधत राहिले. काकूंनी मला जवळ बोलावलं. बाहेर सुटलेलं ते कापड त्यांनी दोन बोटांत धरून दाखवलं. दोन बोटं कसली, चांगली वीतभर झाली होती माया.

"बघ की गं," त्या म्हणाल्या, "केवढी सोडलीया ह्या खुळ्यानं." मग मान वळवून दुकानात बघत जरा मोठ्यांदा म्हणाल्या, "अवो, ऐकलासा का? कापा की आता. लोकं हसाल्यात."

"हसूदेत." काका टोपी चाचपत पेन्सिल शोधत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. "वाढतं अंग हाय."

काकूंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग त्यांनी बाजूला सरकवलेली वाटी पुन्हा जवळ ओढली.